कातळटिटवीच्या पायातली चिठ्ठी

दुपारचे सव्वाचार. सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, पायथ्याशी चिंदरकर मास्तरांची छापशाळा. दाराबाहेर सरकारी जीप, इंजिन चालू.

"शिक्का का नाही मारत, मास्तर?"

शार्दूल तेंडोलकरने हे तिसऱ्यांदा विचारलं. तो मास्तरांचा सर्वांत हुशार शिष्य, आणि हे त्याला ठाऊक होतं.

टेबलावर त्याचं छापचित्र होतं. कातळटिटवी. या सड्याशिवाय जगात कुठेच नव्हती, आता इथेही नाही. उद्या सकाळी जिल्ह्याच्या सभागृहात मंत्री या चित्रावरचा पडदा बाजूला करणार होते. कोपऱ्यात मास्तरांच्या शाळेचा शिक्का हवा, अशी वनखात्याची अट होती.

मास्तरांनी भिंग उचललं.

"कशावरून काढलीस?"

"संग्रहालयात पेंढा भरलेली एकच उरलीय. तिच्यावरून. पीस न् पीस मोजलंय. इतकं बारीक काम तुमच्या शाळेतून आजवर गेलं नसेल."

"नसेल."

"मग?"

"पायाला काय बांधलंय?"

"चिठ्ठी. संग्रहालयाची. तीही जशीच्या तशी उतरवली. दोऱ्याचा पीळसुद्धा."

"वाच."

शार्दूल हसत वाकला. हसू गेलं.

तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं उलटी कोरतात, तेव्हा ती कागदावर सुलटी उमटतात. उलटं कोरणारा वळणं बघतो. वाचत नाही.

"पकडल्याची तारीख, चौदा मार्च... एकोणीसशे सत्त्याऐंशी."

"आणि चित्राखाली?"

चित्राखाली ठळक अक्षरं होती: 'नामशेष, १९८४'. ही ओळ खात्याने लिहून दिलेली. हिच्याच जोरावर अठ्ठ्याऐंशी साली सडा खाणीला मिळाला. पक्षीच नाही तर जागा राखायची कोणासाठी, असं तेव्हाच्या अहवालात आहे. अहवालाखाली सही आहे. ती कोणाची, हे खातं सांगत नाही.

"कारकुनाची चूक असेल," शार्दूल म्हणाला.

"असेल."

"भिंग घेऊन कोण बघतंय?"

"मी बघितलं."

...

बाहेर हॉर्न वाजला. शार्दूलने खिडकी लोटून घेतली. त्याचा आवाज खाली आला.

"मास्तर, आपण हा पक्षी पाहिला, असं तो वासू गुरव गावभर सांगत होता. त्याचं काय झालं?"

"खाणीच्या पाण्यात त्याचं प्रेत सापडलं."

"मग मी घाबरू नको तर काय करू?"

"घाबर."

मास्तरांनी खण उघडला. खरवडायची सुरी काढून त्याच्यापुढे ठेवली. शेजारी तांब्याचा पत्रा.

"हात तुझा, पत्रा तुझा. तारीख खरवड. नवी छाप काढ. शिक्का मारतो."



"खरंच मारता?"

"मारतो."

शार्दूलने पत्रा उजेडात धरला. चिठ्ठी सापडली. नखाएवढीसुद्धा नव्हती. सुरीचं टोक तांब्याला लागलं आणि करकरलं.  

जीपचं दार आपटलं. खडीवर बुटांचा आवाज आला.

"काय हो मास्तर, झालं की नाही?" दाराबाहेरून खात्याचे माईणकर साहेब ओरडले. "पक्षी गेला तो गेला, आता आम्हालाही इथेच पेंढा भरून ठेवता की काय?"

आणि ते स्वतःच हसले.

शार्दूलच्या कपाळावरचा घाम पत्र्यावर पडला. त्याने तो बाहीने पुसला.

"एकच आकडा काढतो, मास्तर," तो कुजबुजला. "सातचा चार करतो. बाकी कशाला हात लावत नाही. बाकी सगळं खरंच आहे."



...

सात गेला. त्याच्या जागी चार आला. काम इतकं सफाईदार झालं की भिंगाखालीही डाग दिसेना.

कडी वाजली. पुन्हा वाजली.

मास्तरांनी एका हातात शिक्का घेतला, दुसऱ्या हाताने पत्र्यावर भिंग धरलं, आणि तारखेच्या खाली बोट ठेवलं.

"ही ओळही तूच कोरली आहेस," ते म्हणाले. "'सड्यावर मारलेले एकूण नग अकरा. त्यातला हा चौथा.' उरलेल्या दहा जिथे असतील, तिथे त्यांच्या चिठ्ठ्यांवर सातच आहे."