आप्पासाहेबांची नोंद

बोरगव्हाणात शहाणी माणसं पुष्कळ होती आणि भोळा म्हणावा असा एकटा भागुजी खरमाटे होता. अक्षर मोत्यासारखं. खोटं कधी बोलत नसे, कारण खोटं सुचायलाही थोडी अक्कल लागते.

त्याच गावात प्रमिलाबाई टिपरे नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. नऊ वर्षं खपून त्यांनी तालुक्याचा चरित्रकोश तयार केला होता. एकच नोंद राहिली होती, आप्पासाहेब गुंजवट्यांची. ती लिहायला कुणी धजत नव्हतं. तीस वर्षांपूर्वी आप्पासाहेबांनी कालवा वळवून वरच्या आळीच्या शेतांत नेला होता. वरची आळी म्हणे, माणूस नव्हे, देव आहे. खालची आळी म्हणे, दरोडेखोर आहे. चांगलं लिहावं तर खालची आळी कोश जाळणार. वाईट लिहावं तर वरची.

शेवटी बाईंनी भागुजीला बोलावलं. चौथीत त्यांनीच त्याला शिकवलं होतं. म्हणजे प्रयत्न केला होता.

"भागुजी, आप्पासाहेबांची नोंद तू लिही. पण एकाच बाजूनं नको हं. माणूस दोन्ही बाजूंनी बघायचा."

"बघतो, बाई."

भागुजी गेला. आप्पासाहेब ओसरीवर पेपर वाचत बसले होते. भागुजीनं त्यांना समोरून नीट बघितलं. मग हळूच मागे जाऊन उभा राहिला.

"काय रे, काय शोधतोस?"

"तुमची दुसरी बाजू."

संध्याकाळी नोंद बाईंच्या हातात होती. 'आप्पासाहेबांना पुढून मिशा आहेत. मागून टक्कल आहे.'

बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, बाजू म्हणजे लोकांची मतं! त्यांना विचार. आणि आपल्या मनानं काही ठोकून द्यायचं नाही. कोण म्हणतं ते सांगायचं. 'असे म्हणतात' असं लिहायचं."

भागुजीला हे फार पटलं. त्यानं घरी बसून एकटाकी नोंद लिहिली. 'आप्पासाहेबांना एक आई होती, असे म्हणतात. ते पुरुष आहेत, असे त्यांच्या पत्नीचे म्हणणे आहे.'

बाईंनी ती वाचली आणि आधी दार लावून घेतलं. "हे आप्पासाहेबांच्या हाती पडलं तर आपल्याला दोघांनाही एकाच झाडाला टांगतील! जिथं शंकाच नाही, तिथं 'म्हणतात' कशाला? शंका नसेल तर ठासून लिहायचं."

"ठासून लिहितो, बाई."

भागुजी खालच्या आळीत गेला. चंद्राआत्या दारात शेंगा फोडत बसली होती.

"आत्या, आप्पासाहेब कसे आहेत?"

"चोर आहे मेला."

"काही शंका?"

"तिळभर नाही."

मग तो वरच्या आळीत गेला. तिथं दौलततात्या भेटले.

"तात्या, आप्पासाहेब कसे आहेत?"

"साक्षात भगीरथ!"

"काही शंका?"

"शंका घेणाऱ्याचं थोबाड फोडीन."

भागुजीनं गालाला हात लावून पाहिला आणि लिहिलं, 'आप्पासाहेब हे चोर आहेत. आप्पासाहेब हे भगीरथ आहेत. दोन्हींबद्दल शंका नाही.'

बाईंना ताप भरला. खरोखरच भरला. छापखानेवाला तिकडे घाई करत होता, प्रकाशनाची तारीख ठरली होती. बाई गोधडीतूनच ओरडल्या, "कागद बघ, भागुजी! कागदावर असेल तेवढंच लिही. तू काय पाहिलंस, तुला कुणी काय सांगितलं, त्यातलं एक अक्षर मधे घालू नकोस. आणि मला दाखवू नकोस आता. सरळ छापखान्यात दे."

भागुजीनं कागद शोधले. त्याला मतदार यादी सापडली. मागच्या साली आप्पासाहेबांचे थोरले भाऊ वारले होते. पण 'मयत' हा शिक्का मारणाऱ्याचा हात एक ओळ खाली घसरला होता आणि शिक्का आप्पासाहेबांच्या नावावर पडला होता.

भागुजी विचारात पडला. त्याच सकाळी आप्पासाहेबांनी त्याला चहा पाजला होता, वर बशीही धुवायला लावली होती. पण पाहिलेलं मधे घालायचं नव्हतं. त्याला वाईट वाटलं. कितीही झालं तरी चहा पाजणारा माणूस. डोळे पुसून त्यानं नोंद लिहिली आणि मान राखायचा म्हणून नावाआधी 'कैलासवासी' घातलं.

प्रकाशनाला अख्खा गाव लोटला. दोन्ही आळ्या काठ्या घेऊनच आल्या होत्या. अध्यक्ष होते आप्पासाहेब. बाई शाल गुंडाळून व्यासपीठावर बसल्या होत्या, त्यांच्यामागे भागुजी उभा होता. आप्पासाहेबांनी कोश उघडला, पहिल्यांदा आपलंच पान काढलं, चष्मा चढवला आणि माइकसमोर मोठ्यानं वाचलं, "कैलासवासी आप्पासाहेब गुंजवटे. मयत."

मग खालच्या आळीतून कुणीतरी टाळी वाजवली.

"बाई," आप्पासाहेब म्हणाले, "मी मेलो कधी?"

बाईंच्या डोळ्यांसमोरून नऊ वर्षं गेली. दातओठ खात त्या भागुजीच्या कानाशी पुटपुटल्या, "पाचशे प्रती छापून बसलोय, मेल्या! नोंद आणि माणूस जुळायला नकोत का?"

"जुळायला पाहिजेत, बाई."

"मग जुळव! आत्ताच्या आत्ता!"

भागुजी धावत सुटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला बाईंचं म्हणणं लख्ख कळलं होतं.

अर्ध्या तासात तो परत आला. बरोबर दोन लांब बांबू, सुतळीचा गुंडा, थोडा कडबा आणि एक मडकं. चार खांदेकरी त्यानं खालच्या आळीतून आणले होते. त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. आप्पासाहेब अजून लालबुंद होऊन माइकवर बोलत होते. भागुजी व्यासपीठावर चढला, त्यानं बांबू आडवे टाकले, वर कडबा नीट पसरला आणि दोन्ही हात जोडले.

"आप्पासाहेब, पाचशे प्रती दुरुस्त करायच्या म्हणजे महिना जाईल. तुम्ही काय, एकटेच आहात. जरा आडवे होता का?"