पाकोळीची साक्ष

फार पूर्वी एका बागेत नियम होता : परागकण वाहणाऱ्यांच्या कुळाला कोणी चोच लावायची नाही. एका संध्याकाळी साळुंकीने कण्हेरीवरची लठ्ठ अळी हेरली, तशी अळी कळवळली, "मी पाकोळीच्या कुळातली आहे हो!"

साळुंकीने जवळच फुलातला मध शोषणाऱ्या हिरव्या पंखांच्या पतंगाला, त्या पाकोळीला, विचारले, "काय गं बाई, ही तुझी कोण?"

अळीच्या शेपटावरचे शिंग पाहून पाकोळीने नाक मुरडले. "पंख नाहीत, सोंड नाही, वर हे शिंग! आमच्यात असलं ध्यान नसतं."

साळुंकीने अळी गिळली आणि ती उडून गेली.

मग पाकोळीने कण्हेरीच्या त्याच पानावर अंडी घातली. पाकोळीला चव पायांनीच कळते; तेव्हा पायांना पानाची कडू चव लागली, आणि पंख फुटण्याआधी आपण हेच खाऊन वाढलो, हे तिला आठवले. आता अंडी तिथेच होती, आणि साळुंकीपाशी तिचीच साक्ष.