कुंकू लावलेलं हमीपत्र

एका गावात एक फुलवाला राहत होता. गाव कुठलं ते विचारू नका, तुमच्याच शेजारचं निघेल.

फुलवाल्याने नवी कोरी मोटारसायकल घेतली. झेंडूच्या दोन टोपल्या मागे बांधायच्या आणि उजाडायच्या आत शहरातला बाजार गाठायचा, एवढ्यावर त्याचं घर चालायचं. गाडीसोबत एक छोटं पुस्तक मिळालं. तीन वर्षांचं हमीपत्र. दुकानदार म्हणाला, "जपून ठेवा हं." फुलवाल्याने ते इतकं जपलं, की थेट देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. रोज आंघोळ झाली की त्याला हळदकुंकू आणि एक टपोरा झेंडू.

बायको म्हणाली, "अहो, आत काय लिहिलंय ते वाचा तरी."

"देवाजवळची वस्तू उठसूट हलवू नये," फुलवाला म्हणाला.

पुढे टोपल्या नीट बसेनात, म्हणून त्याने गाडीच्या सांगाड्याला वेल्डिंग करून लोखंडी चौकट जोडली. मग दिव्याची वायर कापून तिच्यावर मोठा हॉर्न बसवला. तो वाजला की तीन कोसांवरच्या कोंबड्या मुदतीआधी अंडी द्यायच्या. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा. सर्व्हिसिंगला गेलं की दिवस मोडतो, म्हणून ऑइलही तो घरीच बदलू लागला. म्हणजे आठवलं की बदलायचा, आणि विहिरीवरच्या इंजिनाचं उरलेलं ओतायचा.

दर वेळी बायको विचारायची, "अशाने हमी जाईल ना हो?"

"जाते कुठे? रोज हात जोडतोय की मी."

दसरा दोन दिवसांवर आला. शेत केशरी झालं होतं, अर्धी फुलं तोडून अंगणात पडली होती. वर्षाची खरी कमाई हीच. आणि त्याच सकाळी गाडी वेशीपाशी खाडकन थांबली, ती थांबलीच. इंजिन जाम! गावातले टेम्पो तर महिनाभर आधीच ठरलेले, आणि बैलगाडीने शहर गाठेपर्यंत फुलं सुकली असती.

फुलवाल्याने गाडी शेजाऱ्याच्या बैलगाडीत घातली, हमीपत्र डोक्याला लावलं आणि कंपनीचं तालुक्याचं वर्कशॉप गाठलं. तिथे एक थकलेला हमीबाबू बसला होता. पुस्तक बघून त्याने सुस्कारा टाकला.

"आज हे चौथं. कालच्यावर तर नारळ फोडला होता."

त्याने पट्टीने कुंकवाचा थर खरवडला. आतून दोन मुंग्या निघाल्या. पानं एकमेकांना चिकटली होती. ती सोडवत बाबू दमल्या आवाजात म्हणाला, "चौकट जोडलीत, त्या सांगाड्याची हमी गेली. वायर कापलीत, दिव्याची गेली. आणि काका, इंजिनात हे काय ओतलंत?"

"म्हणजे घरी ऑइल बदलायला बंदी आहे का, साहेब?"

"नाही हो. खुशाल बदला. फक्त कुठलं घालायचं ते पान तीनवर लिहिलंय, आणि कधी घातलं ते लिहायला मागे कोरी पानं दिलीत." त्याने कोरी पानं दाखवली. तीही पिवळी झाली होती, हळदीने.

"मग मला काहीच मिळणार नाही?"

बाबू उठला. गाडीभोवती फिरला, हँडल दाबून पाहिलं. "पुढचे शॉकअप गळतायत. त्यांना तुम्ही हात लावलेला नाही, म्हणजे चूक आमची. ते फुकट बदलून देतो. इंजिनाचं सामान यायला पंधरा दिवस, तेही तुमच्या खर्चाने."

"नुसत्या शॉकअपवर गाडी चालेल?"

"चालणार नाही, काका. पण ढकलताना मऊ वाटेल."

आणि खरंच मऊ वाटलं. शेजाऱ्याने गाडी वेशीवर उतरवून दिली, तिथून घरापर्यंत फुलवाल्याने ती ढकलत नेली.  बायकोने हमीपत्र ओल्या फडक्याने पुसलं आणि चुलीजवळच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं. तिथे रोज हात जातो.

दसऱ्याला गावातल्या सगळ्या गाड्या धुतल्या गेल्या, प्रत्येकीला एकेक हार पडला. फुलवाल्याच्या गाडीला मात्र एकशे अकरा हार होते. हँडलही दिसत नव्हतं. लोक थांबून म्हणायचे, "वा! काय भक्ती आहे!"

भक्ती कसली? फुलं बाजारात न्यायला गाडी नव्हती.

तात्पर्य: हमीपत्र पुजू नये, वाचावं, आणि गाडीला हात लावण्याआधी वाचावं. हे मी आजवर चौघांना सांगितलं. चौघांनीही गोष्टीला नमस्कार केला.