टिल्लू उंदराची दुर्बीण

सुपारीएवढा एक उंदीर होता. नाव त्याचं टिल्लू. समोरच्या आंब्यावर राहायची खारू. एके दिवशी खारूने डोळ्याला लावली दुर्बीण!

"अगं बाई! डोंगर केवढा जवळ!"

"खारूताई, मला दाखव ना."

"माझी आहे. हात लावायचा नाही!"

टिल्लूच्या पोटात दुखलं. खाऊन नव्हे हो, बघून! "खारूला दुर्बीण, मला का नाही?"

टिल्लूने आणली पुठ्ठ्याची नळी. मोठं भिंग बसवलं पुढे. खटक! छोटं भिंग बसवणार मागे, तेवढ्यात घरंगळ घरंगळ! भिंग गेलं बोरीच्या काट्यांत.

टिल्लू निघाला तुरुतुरु.

"बोरीबाई, बोरीबाई, भिंग दे. मग माझी दुर्बीण!"

"नाही जा! जास्वंदीला पाणी, मला का नाही? आधी पाणी आण."

टिल्लू निघाला तुरुतुरु.

"तांब्याभाऊ, तांब्याभाऊ, पाणी दे. पाणी घालीन बोरीला, बोरी देईल भिंग, मग माझी दुर्बीण!"

"नाही जा! कळशीला चिंच लावून घासलं, मला का नाही? आधी चिंच आण."

टिल्लू निघाला तुरुतुरु.

"झाडदादा, झाडदादा, चिंच दे. चिंच चोळीन तांब्याला, तांब्या देईल पाणी, पाणी घालीन बोरीला, बोरी देईल भिंग, मग माझी दुर्बीण!"

"नाही जा! वडाला झोका, मला का नाही? आधी झोका आण."

टिल्लू निघाला तुरुतुरु. अंगणात छोटी यमू बसली होती, गाल फुगवून.

"यमूताई, यमूताई, झोका दे. झोका बांधीन झाडाला, झाड देईल चिंच, चिंच चोळीन तांब्याला, तांब्या देईल पाणी, पाणी घालीन बोरीला, बोरी देईल भिंग, मग माझी दुर्बीण!"

"नाही जा! बाळाला पापा, मला का नाही?"

हे दुखणं टिल्लूच्या ओळखीचं होतं. तो टुणकन यमूच्या खांद्यावर चढला. मिशांनी गुदगुल्या केल्या. आणि गालावर दिला पापा. पुच्च!

यमू खुदकन हसली.

यमूने दिला झोका. झोका बांधला झाडाला, झाडाने दिली चिंच, टपटप! चिंच चोळली तांब्याला, तांब्याने दिलं पाणी, बुडबुड! पाणी घातलं बोरीला, बोरीने दिलं भिंग. भिंग बसवलं मागे. खटक! झाली टिल्लूची दुर्बीण!

टिल्लूने डोळा लावला. खारू दिसली. केवढी मोठी! पण हे काय? डोकं खाली, पाय वर! टिल्लू हसून हसून लोळला.

खारू धावत आली. तिच्या नळीत भिंगच नव्हतं! रिकामी नळी लावून बाई ऐट करत होती.

खारू हळूच म्हणाली, "टिल्लूला भिंगं, मला का नाही?"

टिल्लूने दुर्बीण पोटाशी घट्ट धरली. खारूचं तोंड एवढंसं झालं.

"आधी मी. मग तू," टिल्लू म्हणाला.

त्याने खूप वेळ डोंगर पाहिला. मग दिली हो खारूला! पण नळी मात्र स्वतःच धरून ठेवली.