कपाशीला तिसरा हात

एका कापसाच्या गावात एक बाई होती आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हसले, दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा अंगावर आले.

त्या साली कपाशीवर तुडतुडे पडले. बाईनं टेकडीची पांढरी माती भिजवली, फडक्यातून गाळली आणि ते पाणी पानांवर पातळसं शिंपडलं. बायका म्हणाल्या, "अगं बये, चूल सारवतात, झाड नव्हे!" पण माती बसलेलं पान किडीला ओळखू येईना, तिचा पाय टिकेना. बाईची कपाशी तरारली. मग काय, सगळं गाव टेकडी खणायला.

आता त्या गावाची एक खोड होती. भिंतीला चुन्याचे तीन हात दिल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. एकच हात देणाऱ्याला चिक्कू म्हणायचे. तीच खोड त्यांनी शेतात नेली. पहिल्या हातावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा.

बाई बांधावरून ओरडली, "बास करा! ढालकिडे, कोळी, हे किडीला खाणारे. त्यांनाही पाय आहेत. ते कुठं चालतील? थोड्या ओळी तरी हिरव्या सोडा!"

"आता किड्यांना ओसरी बांधून देऊ का?" पाटील म्हणाला. सगळे खदाखदा हसले.

बाईनं आपलं अर्धं शेत बिनमातीचं ठेवलं. गावातले सगळे ढालकिडे तिथं गोळा झाले. तिच्या नवऱ्याला मात्र पारावर रोज टोमणे. "काय कारभारी, माती संपली, का घरधनीण हात धरते?" तो मान खाली घालून ऐकायचा.

आणि मावा आला. पानाच्या खालच्या अंगाला, जिथं माती पोचलीच नव्हती. त्याला खाणारं कुणी उरलं नव्हतं. पानं मुडपली, चिकट झाली, वर काळी बुरशी चढली. आता गाव बाईच्या दारात.

बाई म्हणाली, "आधी पानं धुऊन घ्या. सकाळी माझ्या शेतातले ढालकिडे टोपल्यांत न्या. तेवढेच राहिलेत, जपून."

सकाळी टोपल्या घेऊन गाव गेलं, तर ते हिरवं शेत पांढरंफटक. भिंतीसारखा जाड थर. ढालकिडे उडून गेलेले, त्यांची पिल्लं मातीत लिंपून मेलेली.

"माती तुझी, शेत तुझं!" पाटील कडाडला. "आमच्यावर सूड उगवलास. तू नसशील केलं, तर कुणी केलं ते सांग. नाहीतर दिवस मावळायच्या आत गाव सोड."

बाईनं गर्दीवरून नजर फिरवली. सगळ्यात मागं नवरा उभा होता. त्याच्या नखांत पांढरी माती होती, कानामागंही होती. दोघांची नजर भिडली. त्यानं तोंड फिरवलं.

त्या गावात बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, असं म्हणायचे. सासूनं तिचा दंड दाबला. "जीभ आवर. कुंकवाचा धनी आहे तुझा."

"आणि मी कोण आहे त्याची?" बाई म्हणाली. मग मागं बघून विचारलं, "अहो, तुम्ही सांगता, का मी सांगू?"

त्यानं हात पाठीमागं लपवले. बायको गावाबाहेर गेली तरी चालेल, पण हा गप्प.

बाईनं नाव घेतलं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

नवऱ्याला काही झालं नाही, चांगला म्हातारा होऊन मेला. कापूस मात्र त्या साली हातचा गेला. पुढच्या सालापासून कपाशीला एकच हात, आणि प्रत्येक शेतात थोड्या ओळी हिरव्या.

तात्पर्य: काम झालं की हात थांबवावा, नाहीतर वैऱ्याबरोबर आपले राखणदारही मरतात. आणि ज्यानं केलं त्याचं नाव घ्यायला भिऊ नये. बाईनं जे घेतलं ते मीही लिहिते: तुळाजी.