देवदाराचा वास

“देवदार म्हणजे कसा वास?” निवृत्तीमामांनी विचारलं.

सुकन्या हसली. हातातला पेला तिनं हलकेच गोल फिरवला.

“लाकूड असतं ते, मामा. थंड डोंगरातलं. चांगल्या बोर्डो वाइनमध्ये तो वास यावाच लागतो.”

फ्रान्समध्ये दोन वर्षं वाइनचं शिक्षण घेऊन ती परवाच परतली होती. तीन जातींच्या द्राक्षांची ही लाल वाइन तिनं कपड्यांत गुंडाळून आणली, ती मामांसाठीच. दिंडोरीजवळच्या एका वायनरीत मामांनी तीस वर्षं काढली. कुठलं पिंप उघडायचं, कुठलं अजून राहू द्यायचं, हे तिथं त्यांच्या नाकावर ठरायचं. सुकन्या पहिल्यांदा वास घ्यायला शिकली ती त्यांच्याच हाताखाली. पण मामांनी तिला एकदाही शाबासकी दिली नव्हती. आज ती मिळवायचीच, असं ठरवून ती आली होती.

“मी देवदार पाहिला नाही,” मामा म्हणाले. “मी पाहिलंय त्यातलं सांग.”

सुकन्या अडखळली. तिनं पुन्हा पेला नाकाशी नेला. या वेळी बराच वेळ...

“जांभूळ,” ती सावकाश म्हणाली. “झाडाखाली पडून फुटलेलं. त्याच्यामागं नवी कोरी चामड्याची चप्पल. आणि... पेन्सिलीला टोक करताना साल निघते ना, तिचा वास.”

मामांनी डोळे मिटले होते.

“अजून?”

“अगदी तळाशी ओली माती. बागेला पाणी दिल्यावरची.”

तिला राहवलं नाही.

“आता तुम्ही सांगा. माझं काय सुटलं?”

मामांनी आपला पेला उचलला, हुंगला, खाली ठेवला. मग शेजारचा पाण्याचा पेला उचलून तोही तितकाच वेळ हुंगला.

“दोन्ही सारखेच.”

सुकन्याचा चेहरा उतरला. “आवडली नसेल तर तसं म्हणा, मामा. पाणी म्हणू नका.”

“पोरी, मागच्या दिवाळीत ताप आला होता मला. गेला, तो जाताना नाक घेऊन गेला.”

“मला कळवलं का नाहीत?”

“तुझी परीक्षा होती. वास घ्यायचीच ना?”

अशा माणसासमोर ती देवदाराचा तोरा मिरवत बसली होती. बाटली आत ठेवावी म्हणून तिनं हात पुढे केला. मामांनी त्या हातावर आपला हात ठेवला.

“राहू दे. जांभूळ आलं मला. चप्पल आली. दिवाळीपासून आज पहिल्यांदा काहीतरी आलं.”

आणि त्यांनी तिच्यापुढे हात जोडले.

सुकन्या गडबडून उठली. त्यांचे हात तिनं आपल्या हातांत धरले, मग वाकून त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं.

“मला हे दिलं कुणी, मामा?” ती म्हणाली. “तिकडं मला फक्त नावं शिकवली...”

मामांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. स्वयंपाकघरातून तव्यावर उलथनं फिरल्याचा आवाज येत होता.

“आत तुझी मामी काहीतरी भाजतेय,” ते म्हणाले. “ते सांग.”