डोळा नसलेला मोर

लहान असा की थोर, जरा जवळ सरका. फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की ज्या राज्यात घडली त्याचं नावही आता कुणाला ठाऊक नाही. नाव विसरलं तर विसरलं, गोष्ट तेवढी विसरू नका.

त्या राज्यात विणकरांचं एक गाव होतं. घरोघरी माग. वर्षभर खपून ते मोराच्या नक्षीचे शेले विणत, आणि दसऱ्याला राजा नि त्याचा दरबार ते पांघरून राजवाड्यात मिरवायचा.

माग मांडलेला असायचा खड्ड्यावर. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसायचा. शेल्याची उलटी बाजू वर, त्याच्याकडे. सुलटी बाजू खाली, खड्ड्याकडे. गाठी वरून मारायला सोप्या जातात, म्हणून कधीकाळी कुणीतरी तसं ठरवलं असेल. इथवर ठीक. पण पुढे त्या सोयीचा नेम झाला आणि नेमाचं भय झालं. शेला मागावरून उतरवायचा तोही सुलटी बाजू आत गुंडाळून; त्या बाजूवर नजर फक्त राजाची नि दरबाराची; विणकरानं पाहिली तर त्याचे डोळे जातात, असं पोराटोरांच्या मनावर बिंबवलेलं. आता बारीक काम करून म्हाताऱ्यांचे डोळे अधू व्हायचेच. झाले की लोक कुजबुजायचे, मेल्यानं चोरून पाहिलं असणार. म्हणजे राबून डोळे घालवायचे आणि वर चोरही ठरायचं. वा रे न्याय!

त्या गावात गोजरा नावाची विणकरीण होती. गावचा म्होरक्या रंगांचे बोल चालीवर म्हणायचा, त्याला सगळे आबा म्हणत. दोन निळे, एक हिरवा, असं तो सांगायचा आणि गोजरा तसे धागे घालून गाठी मारायची. हात तयार होता, घरी खायला-प्यायला कमी नव्हतं. पण बाईच्या जिवाला चैन नव्हतं. समोर पाहावं तर गाठी आणि लोंबते दोरे. जन्मभर काय केलंस, असं कुणी विचारलं तर सांगायचं काय? नवऱ्याला बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, दोन वेळचं मिळतंय ना, मग नसत्या चौकशा कशाला? शेजारणींनी देवाचं नाव घ्यायला सांगितलं. तिनं तेही घेतलं. टोचणी काही गेली नाही.

एका सकाळी ती पडवीत पाण्यानं भरलेल्या परातीवर वाकली. पाण्यात छपराची खालची बाजू दिसत होती, वाशाला चिकटलेल्या घरट्यासकट. इतकी वर्षं त्या छपराखाली राहून ते घरटं तिनं पाहिलंच नव्हतं. ती थबकली. मग तिनं परात उचलली, मागाशी गेली आणि खड्ड्यात, शेल्याच्या खाली ठेवली.

तिला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. डोळे गेले की माग गेला आणि माग गेला की भाकरी गेली. पण ती स्वतःशी म्हणाली, "नुसत्या गाठीच बघायच्या असतील, तर हे डोळे राखून तरी काय करायचं?" आणि वाकली.

पाण्यात मोर होता. निळा, हिरवा, पिसारा फुलवलेला. गोजरा हमसून हमसून रडली. हे मी केलं? हे माझ्याच हातचं? बऱ्याच वेळानं तिनं पदरानं डोळे पुसले, पुन्हा पाहिलं, आणि तिला काहीतरी खटकलं. मोराला डोळाच नव्हता.

ती तडक आबाकडे गेली. "आबा, आपल्या मोराला डोळा का नाही?"

आबाच्या तोंडचं पाणी पळालं. डोळा बोलातच नाही, माझ्या आज्याच्या बोलातही नव्हता, असं तो चाचरत म्हणाला. कुठल्यातरी पिढीत एक ओळ गळाली असेल. कुणी कधी पाहिलंच नाही, तर कळणार कसं? मग तो भानावर आला आणि कडाडला, की पाप केलंस, आता डोळे गेले असं समज. गोजरानं कोनाड्यातली सुई घेतली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि एका झटक्यात दोरा ओवला. आबा आत निघून गेला.

गोजरानं घरी येऊन मोराला डोळा विणला. एक काळा धागा, बस्स.

दसऱ्याला राजानं शेला हाती घेतला आणि दरबारात खळबळ उडाली. मोर चक्क बघत होता! पंडितांनी तर आजवर सांगितलं होतं की महाराजांच्या तेजानं दिपून हा मोर डोळे मिटतो. विसरलेल्या ओळीचं यांनी शास्त्र करून ठेवलेलं! गोजराला बोलावणं गेलं. राजानं फर्मावलं, डोळा काढ, नाहीतर माग जप्त होईल.

"डोळ्याची गाठ मागच्या बाजूला आहे महाराज," गोजरा म्हणाली. "आधी शेला उलटा करून बघा."

राजानं शेला उलटला. नुसत्या गाठी, हजारो. असलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं विचारलं, हे काय?

"हे माझं वर्ष. तुम्ही एकच बाजू पाहत आलात, आम्ही दुसरी. मी आता दोन्ही पाहिल्यात. डोळा मी काढणार नाही. माग न्यायचा तर न्या."

राजानं माग नेला. त्याच्याकडून वेगळी अपेक्षा होती की काय तुमची?

गोजरा मात्र रडत बसली नाही. परात कमरेवर घेऊन ती घरोघर फिरली. फक्त एकदा बघा, म्हणायची. लोकांनी दारं लावून घेतली. उघडं राहिलं ते अधू डोळ्यांच्या एकाच म्हाताऱ्याचं, ज्याला सगळा गाव चोर म्हणायचा. त्याच्या सुनेच्या मागाखाली तिनं परात धरली. म्हातारा नाक पाण्याला टेकेपर्यंत वाकला. "माझाही असाच होता गं?" एवढंच बोलला आणि लहान पोरासारखा हसला. ते हसू ऐकून शेजारचं दार उघडलं. मग पलीकडचं. काही दिवसांनी आबानं बोल म्हणायला घेतले आणि दोन निळे, एक हिरवा म्हणून झाल्यावर पुढं म्हणाला, "एक काळा."

पुढचा दसरा आला. गावानं निरोप धाडला, आधी गोजराचा माग, मग शेले. आणि त्यांवरच्या मोरांना डोळा असणार. राजानं खूप आदळआपट केली, पण उघड्या खांद्यानं मिरवायचं कसं? माग परत आला. पंडितांनी लगेच सांगून टाकलं की महाराजांचं तेज पाहायलाच मोरानं डोळे उघडले. सांगू द्या बापड्यांना. गोजरा रोज सकाळी परातीत ताजं पाणी भरायची, आपला मोर बघायची आणि मगच धाग्याला हात लावायची. तिला पुन्हा कधी टोचणी लागली नाही.

आपल्या हातचं काम आपण वळून पाहायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. जो पाहतो, त्यालाच आपल्या जगण्यात काय राहून गेलंय ते सापडतं.